पतंगांचं खानदान आणि लताबाई

लग्नपत्रिका हाती पडली की लोक तारीख बघतात. आमच्या शेजारच्या लताबाई विचारतात, "मांडवात लाइट कोणते? पांढरे का पिवळे?" पांढऱ्या दिव्यांवर पतंग जास्त येतात. पिवळे असले की लग्नाच्या दिवशी बाईंचे गुडघे नेमके दुखायला लागतात.

गडचिरोलीच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, बाई सुटल्या नाहीत. आता वर्ग माझ्या अंगणात भरतो, विद्यार्थी मी एकटा. विषयही एकच, टसर रेशमाचा पतंग. "हा आपल्या झाडीतला. आसामात याचा भाऊ मुगा, चीन-जपानात चुलते. वंश एक, जाती वेगळ्या!" मी आणि माझा भाऊ बांधावरून भांडत होतो, तेव्हाही बाई कुंपणापलीकडून हेच म्हणाल्या.

पावसाच्या तोंडावर आरमोरीला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. नवरदेव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, समोर हॅलोजन. बौद्धाचार्य मंगलगाथा सुरू करणार, तेवढ्यात तळहाताएवढा विटकरी टसर भिरभिरत आला आणि थेट नवरदेवाच्या छातीवर बसला.

"हलू नोको बापू!" लताबाई धावल्या. "नर हाय. मिशा पाह्य, कशा फणीसारख्या!"

"मॅडम, चावते काय?" नवरदेव श्वास रोखून उभा.

"चावाले तोंड पाह्यजे ना! याले खाण्यापुरतं तोंडच नाई. कोशातून निघाला का मरेपर्यंत उपाशी."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग लग्नाच्या जेवणाले काऊन आला?"

मांडव खदखदला. बाई मात्र गंभीर. "जेवाले नाई, नवरी पाहाले निघते तो. तेवढंच काम त्याले."

आता नवरीलाच हसू आवरेना. बौद्धाचार्यही चष्मा सावरत जवळ येऊन बघून गेले. बाईंनी पतंगाला अलगद बोटावर चढवलं आणि मांडवामागच्या ऐनाच्या झाडाकडे निघाल्या. अंधार होता, म्हणून टॉर्च घेऊन मी मागे गेलो.

झाडाखाली त्यांनी मोबाइल काढून कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पाचेक वर्षांची पोरगी आली. बाईंची नात. लेक लग्न होऊन आसामात गेलेली. नातीला मराठी येत नाही, बाईंना असमिया येत नाही. बाईंनी नुसतं बोट पुढं केलं. पोरगी किंचाळली, आत पळाली आणि ओंजळीत सोनेरी मुगा घेऊन आली. दोघी एकमेकींना पतंग दाखवत नुसत्या हसत सुटल्या.

मग पोरीनं आईकडं बघितलं, आणि पाठ केल्यासारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "आजी, इथी ये ना."

टसर बोटावरून उडाला. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"येतो वो माय," त्या म्हणाल्या. "येतोच."