निळोजीराव मामांनी मासळीस घरे बांधून दिली त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने पाणी सखल जागी ठरते आणि मासळी पाण्यात ठरते, त्या वरुणदेवास साष्टांग दंडवत. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाले ते जैसे कानी आले तैसे लिहिले असे. श्रोत्यांनी स्वस्थ चित्ते परिसावे.

त्या राज्यात थोर तळे होते. महाराजांचे पणजोबांनी दोन टेकड्यांमध्ये बांध घालून ओढा अडविला, आणि सगळे रान पाण्याखाली गेले, आणि बुडाल्या झाडांचे फांद्यांत मासळी ऐसी माजली की भोयांनी जाळे टाकावे आणि ते ओढवू नये. मग वर्षे लोटली, झाडे कुजली, गाळ बसला, आणि तळ्याचा तळ सारवल्या खळ्यासारखा सपाट जाला. पिलांस लपावयास आडोसा उरला नाही, ती बगळ्यांनी आणि पाणकावळ्यांनी वेचून खाल्ली, आणि पिले सरली तेव्हा थोरले मासेही सरले. भोई होड्या भरल्या आशेने घालीत आणि रिकाम्या आणीत. तेव्हा दिवाण आबाजी प्रभु यांनी दरबारी विनंती केली की, तळे आता नुसते पाण्याचे ओझे जाले, बांध फोडावा, गाळाची जमीन उत्तम आहे, ऊस लावावा. आबाजी प्रभु राज्याचे हित पाहणारे, त्यांचे बोलण्यात कपट नव्हते. महाराजांस मसलत मानवली. भोयांनी हे ऐकिले आणि पलीकडील राज्यातील नदीवर जावे म्हणोन बिऱ्हाडे आवरू लागले.

आता महाराजांचे सख्खे मामा निळोजीराव म्हणोन होते. त्यांस दौलतीत काम काही नव्हते. तरवार बांधीत ती दसऱ्यापुरती, आणि मसलतीत कोणी विचारीत नसे याचे त्यांस दुःखही नव्हते. सकाळी उठावे, गळाची काठी आणि गांडुळांची करवंटी घ्यावी, तळ्याचे काठी जाऊन बैसावे आणि भूक लागली म्हणजे परतावे, ऐसा नेम. मामीसाहेब वारल्या तेव्हा मामा घरी रडले नाहीत, तळ्यावर जाऊन रडले. त्यांनी दरबारातील उसाची गोष्ट जेवताना ऐकिली आणि ताटावरून उठले, आणि मग त्यांचे मनात एक गोष्ट घोळू लागली. मागले उन्हाळ्यात वावटळीने महाराजांची जुनी नाव खडकाळ काठाजवळ बुडाली होती, आणि तेव्हापासून मामांचे गळास जे काय लागे ते त्या नावेपाशीच लागे. अन्यत्र सारा दिवस बैसले तरी गळाचे तरंगते बेंड हालत नसे. मामांनी उपरणे सारखे केले आणि आयुष्यात प्रथमच भरदरबारी बोलावयास उभे राहिले.

म्हणाले, “महाराज, मासळी पळाली नाही. तिचे घर पडले आहे. घर बांधून दिल्यास राहील.”

दरबार हासला. महाराजही हासले, परंतु लहानपणी मामांचे खांद्यावर बैसोन तळे पाहिले होते ते त्यांस आठवले. मग आज्ञा जाली की, अक्षय्यतृतीयेस बांधास पहार लागेल, तोवर मामांनी करणे ते करावे, आणि वाड्यातील अडगळीचे कोठार त्यांस मोकळे आहे.

मामांनी कोठार उघडिले. मोडक्या पालख्या, खिळखिळ्या बाजा, हत्तीची फुटकी अंबारी, गाड्यांची चाके, कवाडे, सगळे बैलगाड्यांत घालून तळ्यावर नेले, आणि लोक वरात पाहावयास यावे तैसे पाहावयास आले. मामांनी नारळ वाहिला आणि पालख्या पाण्यात लोटविल्या, आणि त्या बुडेनात. सुकले लाकूड ते, हंसासारखे डौलात तरंगू लागले. वारा सुटला आणि पालख्या पैलतीरास निघाल्या. तेथे दिवाणसाहेब कंबरभर पाण्यात स्नान करीत होते. डोळे उघडून पाहतात तो रिकामी पालखी सामोरी येऊन उभी. दिवाण म्हणाले की, आम्हांस इतक्यात वैकुंठास जाणे नाही, आणि हाताने ती परती लोटली. ही गोष्ट सायंकाळपर्यंत राज्यभर जाली. मामा घरी गेले आणि दार लावून बैसले.

दुसरे दिवशी सकवार भोईण त्यांचे दारी आली. नवऱ्यामागे भोयांची म्होरकी तीच होती, आणि ती भांडावयाचे तयारीने आली होती. ओसरीवर उभी राहूनच म्हणाली, “मामासायेब, पालख्या तरंगल्या ते बरं झालं. बुडाल्या असत्या तर आमची जाळी त्यात अडकून फाटली असती. तुमचा खेळ होतो, आमची चूल विझती.”

मामा म्हणाले, “हे माझ्या ध्यानातच आले नाही, बाई. मी गळाचा मनुष्य. मला माझा काटा तेवढा दिसला.”

सकवार भांडण घेऊन आली होती, परंतु ऐसे उत्तर आल्यावर ते ठेवावे कोठे हे तिला कळेना. ती खाली बैसली. मग तिने पुसिले की, बुडाल्या नावेपाशी तुम्हांस मासळी लागते ऐसे ऐकिले, ते खरे काय. मामांनी सांगितले की, भादव्यात आपण तेथे मरळीची पिले पाहिली, तांबड्या गुंजांचा घोळका पाण्यावर खेळावा तैसी, आणि खाली आई पहारा देत होती. सकवारीने ऐसा घोळका लग्न होऊन आली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर नाही. मग दोघांचा करार ठरला. घरे खडकाळ काठालाच घालावी, जेथे जाळे तसेही चालत नाही. वर भोपळे बांधून खूण करावी. आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तेथे जाळे नाही, गळ नाही.

“तुमचाबी नाही,” सकवार म्हणाली. मामांनी गळाची काठी आढ्यास खोवली आणि हो म्हणाले.

मग भोयांनी बांधली बिऱ्हाडे सोडली आणि कामास लागले. पालख्यांत धोंडे भरले, बाजांस बाभळीच्या काटेरी फांद्या आवळल्या, चाकांत बांबू खोवले, आणि सगळे काथ्याचे दोरांनी जखडून होड्यांवरून सोडिले. या वेळेस पाणी बुडबुडले आणि मिटले. मामा धोतर खोचून छातीभर पाण्यात उभे होते, आणि अंबारी खाली गेली तेव्हा त्यांनी तिला मुजरा केला.

पुढे दिवस कठीण आले. मामा काठावर बैसत, परंतु हात रिकामे. एकदा सकाळी भोपळा थरथरला आणि मामांचा हात आपसूक गळ टाकावयास उठला, आणि हातात काही नव्हते. मग ते आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बैसले. येणारे जाणारे हासत. चैत्रात मात्र एके दिवशी नवे भोपळ्यांमधोमध पाणी तांबूस दिसले, आणि निरखून पाहिले तो गुंजांचा घोळका. मामा कोणास बोलले नाहीत. घरी जाऊन आचाऱ्यास शिरा करावयास सांगितले आणि दोनदा मागून घेतला.

अक्षय्यतृतीयेस महाराज आले, दिवाण आले, आणि बांधावर गडी पहारी टेकून उभे राहिले. सकवारीने भोपळ्यांचे बाहेरून जाळे टाकविले आणि ओढिले, तो गाळ आणि शिंपले. आबाजी प्रभु हासले नाहीत, मामांपाशी येऊन हळूच म्हणाले की, उन्हात उभे राहू नका, सावलीस चला. मामा हालले नाहीत. तेव्हा सकवारीने दोन होड्या खडकाचे बाजूस नेवविल्या आणि घरांतली मासळी बाहेर निघावी म्हणोन वल्ह्यांनी पाणी बडवविले, आणि जाळे पुन्हा टाकविले. या खेपेस दोर ताणले, भोयांचे पाय चिखलात रुतले, आणि जाळे जागचे हालेना. महाराजांनी बांधावरील गड्यांस हाताने बोलाविले. गड्यांनी पहारी तेथेच टाकिल्या आणि धावत पाण्यात उतरून दोरास हात घातला. जाळे काठास लागले तेव्हा मरळ, शिंगाळे आणि वांब ऐसी उसळली की महाराजांचा अंगरखा भिजला आणि महाराज लहान मुलासारखे हासले.

सकवार मामांपाशी येऊन म्हणाली, “आता टाका.”

मामांनी गळ टाकिला. बेंड एकदा बुडाले, वर आले, आणि मग नाहीसे जाले. काठी वाकली. शेजारी दिवाण उभे होते, त्यांनी सहज पुसिले की, यात ऐसे काय सुख आहे. मामांनी ओढती काठी तैसीच त्यांचे हातात दिली. दिवाणांचे डोळे विस्फारले. पाण्याखालून कोणी जिवंत हात धरून ओढावे तैसी ती ओढ त्यांचे खांद्यापर्यंत गेली, आणि राज्याचे दिवाण पागोटे पडल्याचेही भान न राहता काठाकाठाने धावो लागले.

एकूण फळ ऐसे जाले. बांध राहिला, भोई राहिले, ऊस टेकडीपलीकडील माळावर विहीर खणून लागला आणि तोही गोड निघाला. दरवर्षी मासळीस नवी घरे बांधिता कोठारात अडगळ उरेनाशी जाली. आबाजी प्रभु नित्य सकाळी काठावर सापडो लागले, मग त्यांस भेटावयास कारकून आले, कारकुनांमागे फिर्यादी आले, आणि एके दिवशी स्वतः महाराजही काठी घेऊन आले. निळोजीराव मामांची कीर्ति चहूकडे जाली, आणि आपल्याच तळ्यावर त्यांस बैसावयास जागा मिळेना.