उनो, दोस, त्रेस आणि व्याह्यांचा कोट

टेलरमास्तरांचं ठाम मत होतं की कुठल्याही भाषेतले आकडे दहापर्यंत आले की सगळे आले. पुढचे फक्त जुळवायचे असतात. आणि जुळवण्यात तर मास्तरांचा जन्म गेला होता. ज्याला शिवणीवर चौकडीला चौकडी भिडवता येते, त्याला आकड्यांचं काय अवघड?

आकडे हवे होते स्पॅनिश. मुलीने परगावी नोकरी करता करता एक स्पॅनिश बोलणारा मुलगा पसंत केला होता. मुलगा मोडकंतोडकं मराठी बोलायचा, पण त्याच्या वडिलांना आपल्या भाषेपलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे लग्नात दोन व्याही शेजारी उभे राहणार आणि एकमेकांकडे बघून नुसत्या माना हलवणार. मास्तरांना हे फार खटकत होतं. बोलता येत नसेल तर कोट शिवावा, असं त्यांनी ठरवलं. आपल्या हातचा कोट माणसाच्या अंगावर नीट बसला की झाली ओळख. एकाच ताग्यातून त्यांनी राखाडी कापड आणलं. एक कोट व्याह्यांना, एक स्वतःला.

मुलगी फोनवर म्हणाली, "मी मापं विचारून कळवते, बाबा."

"मापाच्या मधे तिसरं माणूस नको. तू मला आकडे शिकव."

तिने दहापर्यंत शिकवले. ती अकराला हात घालणार तोच मास्तरांनी फोन ठेवला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यामुळे मास्तर मशिनच्या तालावर उनो, दोस, त्रेस घोकायला लागले की बायकोला आत सगळं ऐकू जायचं. 'त्रेस' ऐकून तिने विचारलं, कसला त्रास होतोय. 'सिंको' ऐकून म्हणाली, शिंक आली असेल तर शिंकून मोकळे व्हा. मास्तर रागावले नाहीत, कारण त्यांना एक शोध लागला होता.

"अगं, ही तर आपलीच भाषा. तीनला त्रेस म्हणतात. आपलं त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट. आधी त्रे, मग बाकीचं. तेच आहे सगळं."

व्याह्यांनी हातात सेंटिमीटरचा टेप धरून फोन केला तेव्हा मास्तर खडू घेऊन तयारच होते. छाती 'नोवेंता इ ओचो'. शेवटी जे 'एंता' लागत होतं, ते मास्तरांनी त्या माणसाचा हेल समजून सोडून दिलं. राहिले नऊ आणि आठ. मराठीत सुटा आकडा आधी येतो, दहा-वीस मागून. म्हणजे नऊ आणि ऐंशी, एकोणनव्वद. खात्रीसाठी त्यांनी "नुएवे, ओचो?" असं विचारलं. पलीकडून आनंदाने "सी, सी" आलं, म्हणजे हो, हो. कंबर आठ-नऊ, म्हणजे अठ्ठ्याण्णव. बाही सहा-पाच, छप्पन्न. लांबी सात-सहा, सदुसष्ट. खांदा चार-चार, चव्वेचाळीस. दर मापाला पलीकडून "सी, सी". दोघंही एकमेकांवर खूश होऊन फोन बंद झाला.

मापं बघून मास्तर मात्र हळहळले. छाती बसलेली, पोट सुटलेलं, हात आखूड. "देवाने फार घाईत उरकलंय बिचाऱ्याला," ते बायकोला म्हणाले. "ट्रायलला दहा वेळा यावं लागेल असं गिऱ्हाईक आहे."

"फोटोत तर चांगले उंच दिसतात."

"फोटोचं काय सांगतेस? टेप खोटं बोलत नाही."

आता कस लागणार होता. पोट झाकेल आणि छाती भरल्यासारखी दिसेल असा कोट शिवायचा होता. मास्तरांनी पुढच्या भागात भक्कम कॅनव्हास घातला, पोटावर कापड अलगद खेळवलं, बाही आखूड दिसू नये म्हणून एक बटण कमी लावलं. असा कोट त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता. तयार झाल्यावर पुतळ्याला घालून पाहावा तर पुतळ्याला तो होईना. मास्तरांनी पुतळ्यालाच दोष दिला.

लग्नाच्या आठवड्यात व्याही आले. दारातून आत येताना त्यांना मान लववावी लागली. काठीसारखे सरळ, पोटाचा पत्ता नाही. मास्तरांना वाटलं, हे सोबत आलेलं दुसरंच कुणी असेल, व्याही मागून येत असतील. मागून फक्त मुलगी आली.

व्याह्यांनी कौतुकाने कोट चढवला. खांदा अगदी चपखल बसला, आणि क्षणभर मास्तरांच्या जिवात जीव आला. मग बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर थांबल्या, छातीवर बटण काजापर्यंत पोचेना आणि पोटाशी एवढी जागा उरली की त्यात उशी मावली असती. व्याही तरीही हसून मान हलवत राहिले. नेमकं तेच मास्तरांना नको होतं.

मुलीने व्याह्यांकडून मापं पुन्हा वदवून घेतली आणि मराठीत सांगितली. अठ्ठ्याण्णव, एकोणनव्वद, पासष्ट, शहात्तर.

"ते दहा-वीस आधी सांगतात, बाबा. आपल्या उलट."

"मग खांदा कसा बरोबर आला?"

"चव्वेचाळीस कुठूनही मोजा, चव्वेचाळीसच."

 गळ्यातला टेप काढून मास्तरांनी व्याह्यांना उजेडात उभं केलं आणि मापं स्वतः घेतली. मग स्वतःच्या कोटाचं कापड टेबलावर पसरून व्याह्यांसाठी कापायला घेतलं. ते कात्री चालवत असताना बायको दारात उभी होती. तिने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि कोट काढून त्यांच्यापुढे धरला.

"घाला."

"अगं, हे माप..."

"घाला तर खरं."

मास्तरांनी घातला. छाती बसली, पोट झाकलं, बाही मनगटावर नेमकी थांबली. कुठे एक सुरकुती नाही. मुलीने तोंडावर ओढणी धरली.

"खरंच," बायको म्हणाली, "देवाने फार घाईत उरकलंय बिचाऱ्याला."

लग्नात दोन्ही व्याही एकाच राखाडी कापडाचे कोट घालून शेजारी उभे राहिले. येणारा जाणारा बाह्या चाचपून बघत होता. निघायच्या दिवशी व्याह्यांनी मास्तरांचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मुलगी सांगू की नको अशा चेहऱ्याने उभी राहिली.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

"आता ह्याच कापडाची विजार हवी म्हणतायत. मापं घरी पोचल्यावर फोनवर देतील, ह्या वेळी मराठीत. आपले आकडे सोपे आहेत म्हणे. दहापर्यंत आलेत, पुढचे जुळवणार आहेत."

मास्तरांना एकोणनव्वद आठवला. त्यांनी टेप काढला, व्याह्यांच्या हातातली बॅग खाली ठेवायला लावली आणि त्यांच्या कमरेशी वाकले.