बन्सीकाकांचा समुद्र

आमचे शेजारी बन्सीकाका कुठलीही नवी वस्तू दिसली की आधी ती बोटांच्या पेरांनी ठोकून बघतात. कलिंगड, फ्रिज, लोकांच्या घराच्या भिंती. एकदा माझं नवं हेल्मेट ठोकलं, तेव्हा ते माझ्या डोक्यावर होतं.

"बराबर हाय," म्हणाले, "पण आतून पोकळ वाटून राह्यलं."

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीनं हरिहरेश्वरची सहल काढली. काका पहिल्यांदाच समुद्र बघणार होते. रातभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी उतरलो. समोर एवढा समुद्र! पण तो काही ठोकता येईना. म्हणून काका त्याच्याकडं पाठ करून कड्याकडं वळले. लाटांनी कोरून कोरून जाळी पाडलेला काळा कडा त्यांनी दोन ठिकाणी ठोकला.

"अरे, हा तर आपल्या विहिरीतला दगड!"

"ज्वालामुखीचा लाव्हा थिजून झालाय, काका. आपल्याकडंही तोच, इथंही तोच."

"मंग हे आपले भाऊबंदच निघाले की!"

एवढ्यात खडकाच्या फटीतून लाट उसळली आणि काकांना टोपीपासून चपलेपर्यंत भिजवून गेली.

"भाऊबंदच हाय," काका मिशा पुसत म्हणाले. "बिलकुल शंका न्हाई."

दुपारी सगळे जेवायला बसले तर काका गायब. शोधत खाली गेलो. ओहोटीमुळं खडकांतल्या खळग्यांत पाणी अडकलं होतं आणि त्यात बोटाएवढे मासे. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चहाच्या कागदी कपात एकेक मासा धरून समुद्रात सोडत होते.

"जल्दी निघा रे. घरचे वाट पाहून राह्यले आसतील."

"काका, भरती आली की जातील ते आपोआप. जेवणं उरकली की लगेच बस निघणार."

"तोवर पाणी तापलं तर?" काकांनी वर पाहिलं नाही. "अन् मला कसली घाई? पोरं पुण्याला. तुझी काकू गेल्यापासून घरी गेलो की कुलूपच उघडायचं. यांचं तसं न्हाई ना."

मी वर जाऊन दुसरा कप आणला. आम्ही पोचलो तेव्हा अख्खी बस आमच्या नावानं ओरडत होती.

संध्याकाळी वाटेत बायकोचा फोन आला. सकाळी नाष्ट्याला काय करू, म्हणाली. काका खिडकीबाहेर बघत होते.

"पोहे टाक. जरा जास्तीचे. काका आपल्याकडंच येतायत."

काका खिडकीकडून माझ्याकडं वळले. 

"शेंगदाणे हात राखून टाकू नको म्हणावं."