वासाचे हुद्दे

शेंडेकाकांकडे गेलं की चहाच्या आधी बाटली यायची. बाटलीत नाल्याचं पाणी असायचं. काका झाकण उघडून ती पाहुण्याच्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, "सांगा जी, कोणता हुद्दा?"

काका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले, त्यामुळे वासालाही त्यांनी फॅक्टरीतलेच हुद्दे दिले होते. डोकं धरायला लावतो तो जनरल मॅनेजर. नाक मुरडायला लावतो तो फोरमन. आला म्हणेपर्यंत गेला, तो चपराशी. पाहुणा "फोरमन" म्हणाला की काका गंभीरपणे मान हलवायचे. "म्हणजे रिटायर व्हायले टाइम हाय." मग चहा यायचा. पाहुणा तो सहसा प्यायचा नाही.

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते आणि वसाहतीच्या समितीची सचिव आहे. वर्गणी, दिवे, कचरागाडी, सगळ्याच्या माझ्याकडे याद्या असतात. 'शेंडेकाकांबद्दलच्या तक्रारी' ही त्यातली सगळ्यात लांब होती. शेजारच्यांची मुलगी बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी रस्त्यात गाठून बाटली हुंगवली होती.

पण काकांचा नाइलाज होता. त्यांचं घर वसाहतीत शेवटचं, शहरातला नाला वैनगंगेला मिळतो त्या तोंडाशी. खालच्या धरणाचं पाणी फुगून इथपर्यंत येतं, त्यामुळे नदी आमच्याकडे वाहत नाही, नुसती बसून असते. नाला जे आणतो तेही तिच्या शेजारी बसतं. हा प्लॉट काकांनी स्वतः हौसेने निवडला. वास्तुशांतीला त्यांनी खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "काय हवा हाय!" पंगतीतले लोक तेव्हा एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने जिलबी खात होते.

काकांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, काही वर्षं सोसलं. "वास येऊन राहिला" असं त्या म्हणायच्या, "कुठं येते? काईच नाई" असं काका म्हणायचे, आणि आम्ही दोन घरं पलीकडून ऐकायचो. शेवटी एका सकाळी काकूंनी बॅग भरली आणि आसगावला भावाकडे निघाल्या. फाटकातून म्हणाल्या, "हा वास गेला का फोन करा. त्याच्या आंधी नाई."

तेव्हापासून वास घालवणं हीच काकांची नोकरी.

आधी त्यांनी नाल्यात फिनाईल ओतलं. त्याने वास गेला नाही, उलट नाला दवाखान्यासारखा झाला. मग मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातून एक जुनं जाळं आणून नाल्यावर आडवं बांधलं. रोज सकाळी ते ओढायचं आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाकायचं, 'आजची मासोळी: चपला, एक उशी, अर्धी बादली.' एकेकट्या चपला कुंपणावर टांगून त्यांनी पाटी लावली, 'ओळख पटवून घेऊन जावे.' त्यात आमच्या ह्यांची एक होती. हे बरेच दिवस त्या बाजूने मान खाली घालून जात.

पुढे काकांनी लुंगी खोचून पाण्यावर माजलेली जलकुंभी उपसली आणि पाणी गाळायला तोंडाशी गिट्टीत कर्दळ आणि लव्हाळा लावला. एवढं झाल्यावर माझ्याकडे आले. "वहिनी, घराघरातल्या मोऱ्या नाल्यात हायेत. तुमच्या यादीले लोक भेतात जी. माह्या बाटलीले नुसते पळतात."

कोणाची मोरी नाल्यात सुटते याची मी घरवार यादी केली, फलकावर लावली, आणि शोषखड्डे होईपर्यंत ती उतरवली नाही.

जनरल मॅनेजरचा फोरमन झाला. फोरमनचा चपराशी झाला. पाण्यात झिंगे, म्हणजे बारकी कोळंबी, दिसू लागले, तसे ढिवर पुन्हा तोंडाशी आपल्या होड्या, डोंगे, लावू लागले. आणि एका सकाळी मी बाटली हुंगली तर काहीच नाही.

"काका, हा रिटायर झाला."

"नक्की? सर्दी तं नाई ना तुमाले?"

त्यांनी दूधवाल्याला थांबवलं, पोस्टमनला थांबवलं. दोघंही वास नाही म्हणाले. तरी काका बाटली घेऊन परत माझ्या दारात. मला बँकेत जायचं होतं. मी म्हटलं, "अहो, एकदा स्वतःच वास घेऊन बघा ना!"

काकांनी हळूच झाकण लावलं. "घेतला असता जी. मले येत नाई."

"म्हणजे?"

"कशाचाच नाई. एका तापात नाक गेलं, प्लॉट घ्यायच्या लय आंधी. घरच्या मानसाले सांगायची लाज वाटली. म्हणून वासच नाई म्हणत भांडत राहिलो. आता फोन केला अन् ती येऊन म्हणली का हाय वास, तं मंग कोणत्या तोंडानं बोलवू तिले?"

बँक राहिली. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला.

काकू ऑटोतून उतरल्या त्या घरात न जाता सरळ नाल्याच्या तोंडाशी. अख्खी वसाहत गच्चीवर कपडे वाळत घालत होती, काहींचे कपडे तर कोरडेच होते. काकूंनी नाकावरचा पदर काढला. श्वास घेतला. काका हातातली बाटली पोटाशी धरून उभे.

"येते का जी?"

"येते ना," काकू म्हणाल्या. "तुमच्या बनियनचा."

काका जागच्या जागी गिट्टीवर बसले आणि खालच्या आवाजात बोलू लागले. मी बॅग उचलून घरात नेली. मागून एकदम काकूंचा आवाज आला, "आन् करपलेली भाजी मुकाट्यानं खाता म्हणून मी तुमाले साधा मानूस समजत होती!"

तक्रारींची यादी मी फाडली. बाटली आता कुणाकडे येत नाही.

संध्याकाळी दोघं नाल्याच्या तोंडाशी बसलेले असतात. काकू श्वास घेतात आणि सांगतात, "ओली वाळू. कर्दळीचा पाला. डोंग्यावर कोणीतरी झिंगे भाजून राहिलं, मिरची जरा जास्त हाय." काका डोळे मिटून ऐकतात.

"हुद्दा कोणता?" ते विचारतात.

"गप बसा जी," काकू म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतात.