"लिहा" म्हणणारे भामरे नाना

टूलरूमच्या दारात उभं राहून भामरे नानांना काही सांगायला तोंड उघडलं, की ते उजवा तळहात वर करतात आणि एकच शब्द म्हणतात, "लिहा." तुम्ही त्यांच्यापासून दोन फुटांवर असा, हातात पत्र्याला भोक पाडणारा पंच तुटलेला असो, मागे प्रेस थांबलेली असो, काही फरक पडत नाही. तुम्ही खिशातून मोबाईल काढायचा, कंपनीच्या अ‍ॅपवर निरोप टाकायचा, मग नानांच्या खिशात मोबाईल थरथरणार, नाना चष्मा शोधणार, वाचणार आणि म्हणणार, "हां. मंग असं सांगा ना."

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग बनतात. मी प्लॅनिंगला आहे, म्हणजे कुठल्या प्रेसवर काय चालायचं ते मी ठरवतो. पत्रा कापायचे नि वाकवायचे जे साचे असतात, ज्यांना आम्ही डाय म्हणतो, ते नाना सांभाळतात. मूळचे देवळ्याकडचे, पण तीस वर्षं झाली, नाशिककर झालेत. फक्त डोकं फिरलं की अहिराणी बाहेर पडते.

गेल्या दिवाळीनंतर आमचे वर्क्स मॅनेजर सोनार साहेब यांनी हे अ‍ॅप आणलं. तोवर आमचा कारभार फोन, मोबाईलवरचा एक ग्रुप आणि ओरडणं यांवर चालायचा. ग्रुपवर वीस सुविचार, चार वाढदिवस आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी "चौदा नंबरची डाय तडकली" असं असायचं. साहेब म्हणाले, "तीन महिने अ‍ॅप वापरून बघा. जमलं तर ठेवू. नाहीतर बंद करू आणि सगळ्यांना वॉकीटॉकी देऊ." आम्हाला वॉकीटॉकी एकदम पसंत पडली. प्रेसवरच्या गावितनं तर त्याच दिवशी वाक्याच्या शेवटी "ओव्हर" म्हणायला सुरुवात केली. नानांनी मात्र दुपारी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी आले ते अ‍ॅप टिकवायचंच असं ठरवून.

त्यांच्या टूलरूमच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते आणि पाना तिथंच टांगायचा. नसला की रिकामी आकृती लांबून दिसते. नानांनी अ‍ॅप अगदी तसंच लावलं. प्रत्येक प्रेसला वेगळं चॅनेल, डायच्या दुरुस्तीला वेगळं, कॅन्टीनला वेगळं, सूचनांना वेगळं. "जिथलं तिथं," हा त्यांचा मंत्र. एकदा खुद्द साहेबांनी दोनशे टनी प्रेसच्या चॅनेलवर कारखान्यातल्या सत्यनारायणाचं आमंत्रण टाकलं. खाली नानांचं उत्तर आलं: "माननीय महोदय, या प्रेसवर देवाचे काम चालू नाही. कृपया 'सूचना' या चॅनेलवर हलवावे. आपला नम्र, दा. भा. भामरे." साहेबांनी निमूटपणे हलवलं.

बोलताना 'लय' आणि 'नाय' म्हणणारा हा माणूस लिहायला लागला की थेट तहसील कचेरीत जाऊन बसतो. सुरुवातीला तर प्रत्येक निरोपाला विषय आणि संदर्भ असायचा. पण नियम मात्र त्यांनी अक्कलहुशारीनं केले होते, हे मला आता कबूल केलं पाहिजे. एका निरोपात एकच काम. शेवटी ते कुणी करायचं त्याचं नाव. कुणी नुसता अंगठा टाकला की नाना तरातरा प्रेसवर जायचे. "हाई काय शे? वाचलं, का करतो, का झालं? एका अंगठ्यात मी काय काय समजू?" मग त्यांनीच ठरवून दिलं: डोळा म्हणजे वाचलं, हात म्हणजे काम घेतलं, हिरवी खूण म्हणजे झालं. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांचा वर्ग घ्यायचे. शंका लेखी विचारायच्या.

गावित सुरगाण्याकडचा, पक्का बेरकी. त्यानं बोलून निरोप पाठवायला सुरुवात केली. नानांचं उत्तर ठरलेलं: "आवाज चालणार नाही. लिहा."

"नाना, हात तेलाचं हायत, लिहू कसं?" गावितनं प्रेसवरून ओरडून विचारलं. नानांनी मान वर केली नाही, म्हणून त्यानं तेच लिहून पाठवलं, तेलकट बोटांनी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रेसशेजारी खिळ्याला एक फडकं टांगलेलं होतं. पळवाट बंद झाली.

मी स्वतः त्यांच्या नियमांना फार भीक घालत नव्हतो. मी बोलका माणूस, मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. नानांना फोन लावावा तर ते कापायचे आणि निरोप यायचा, "मी टूलरूममध्ये आहे. लिहा." मला वाटायचं, म्हातारपणी नवं खेळणं हाती लागलंय, आणि आम्हा सगळ्यांना वेठीला धरलंय. तीन महिन्यांचा अहवाल साहेबांनी माझ्यावर सोपवला होता. मी त्यात वॉकीटॉकीच सुचवणार, हे मी कॅन्टीनमध्ये चारचौघांत सांगून बसलो होतो. नानांच्या कानावर गेलं असेल असं मी धरून चाललो होतो.

अहवालाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. दुपारी सगळ्या वसाहतीतली वीज गेली. प्रेस थांबल्या, पंखे थांबले, आणि कारखान्यात इतकी शांतता पसरली की फाटकाबाहेर चहाच्या गाडीवर ग्लास विसळल्याचं ऐकू येत होतं. मी टूलरूममध्ये गेलो. नाना पाठमोरे बसून कानशीनं पंच घासत होते. "नाना," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं. मग असा ओरडलो की दाराशी उभा असलेला गावित दचकला. नाना घासतच होते. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांच्या हातून पंच खाली पडला.

मी तिथंच स्टुलावर बसलो. मला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. ब्रॅकेटची जुनी डाय काढून नवी चढवा, असं मी त्यांना प्रेसच्या आवाजात तोंडी सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि जुनीच चढवली. एका पाळीचा सगळा माल भंगारात गेला. मी त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो होतो, आणि ते फक्त "माझी चूक" म्हणाले होते. मला माझीच लाज वाटली. गावितला मी हातानंच जा म्हटलं, मोबाईल काढला आणि लिहिलं, "नाना, कधीपासून?"

त्यांनी वाचलं, दाराकडे पाहिलं आणि बराच वेळ टाइप करत राहिले. या वेळी विषय नव्हता, संदर्भ नव्हता. "चार वर्षं. एका कानाला काही नाही, दुसऱ्याला थोडं. कानातलं मशीन घेतलं होतं, ते प्रेसच्या आवाजात नुसतं किंचाळतं. ओठांवरून थोडं कळतं. तुम्ही फार भराभर बोलता."

मी लिहिलं, "साहेबांना सांगावं लागेल नाना. इथं प्रेस आहेत."

"उद्या मीच सांगतो. लिहून."

दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे बसले आणि सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. 'सूचना' या चॅनेलवर नानांचा निरोप होता. "विषय: माझे कान. मला ऐकू येत नाही. हे लपवले ही माझी चूक. वॉकीटॉकी आल्या तर मी कामाचा राहणार नाही. अ‍ॅप राहिले तर राहीन. डाय अजून कुणापेक्षा वाईट लावत नाही. निर्णय आपला. उत्तर लिहून द्यावे."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मान खाली घालून, एका बोटानं, शाळेतल्या पोरासारखं टाइप करू लागले. उत्तर आलं: "अ‍ॅप राहील. टूलरूमला दिवा लावून घ्या, दारात कुणी आलं की पेटेल. चालू प्रेसजवळ एकट्यानं जायचं नाही." नानांनी त्यावर आधी डोळा टाकला, मग हात. हिरवी खूण दिवा लागल्यावर, तीन दिवसांनी टाकली. माझ्या अहवालाची कुणाला आठवणही झाली नाही.

आता मी नानांबरोबर जेवतो. समोरासमोर डबे उघडून आम्ही एकमेकांना लिहितो, आणि नवीन आलेल्या माणसाला आमचं भांडण झालंय असं वाटतं. परवा मी थट्टेनं लिहिलं, "चौदा महिन्यांनी तुम्ही निवृत्त. मग घरी आराम, आमची कटकट नाही."

नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "इथं दिवसभर माझ्याशी बोलणारे पंधरा जण आहेत. घरी सौ. बोलते आणि मी मान हलवतो. तिला ते ओळखू येतं, म्हणून ती पण कमी बोलायला लागली. तिला लिहिता येत नाही."

त्यांचं टाइप करणं अजून चालूच होतं.

"रोज संध्याकाळी तासभर बसवतो तिला. कंटाळते, चिडते, पण बसते. बाराखडी झाली. जोडाक्षरं राहिलीत. चौदा महिने खूप झाले."

मी वाचून वर पाहिलं. नाना चष्मा पुसत होते. मग त्यांनी आणखी एक निरोप पाठवला.

"काल तिनं मला मोबाईलवर पहिल्यांदा लिहिलं. मीठ आणा. घरात मीठ भरपूर होतं. तरी मी जाऊन आणलं."