माझ्याकडून झालं, लिहून घ्या

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममधला पंखा बंद पडला की तात्या वकील हात वर करायचे. "माझ्याकडून झालं हो. लिहून घ्या." पंख्याची वायर जळालेली असे आणि तात्या त्या वेळी खेडच्या कोर्टात असत, तरीही. कपाचा कान तुटला, लायब्ररीतलं पुस्तक हरवलं, नळ गळत राहिला, सगळं तात्यांनीच केलेलं. चिपळूणला पाणी भरल्याने साक्षीदार आले नाहीत, तेव्हाही त्यांचा हात वर जातोय असं मला वाटलं होतं.

मला या माणसाचा भयंकर हेवा वाटायचा. लपवत नाही. मी पुण्याहून पहिल्या वर्गात एलएल.बी. होऊन रत्नागिरीत आलेला. तात्यांचा कोट बगलेत उसवलेला आणि इंग्रजी यथातथाच. पण पक्षकार जायचे ते तात्यांकडे. कँटीनवाला पहिला चहा ठेवायचा तो तात्यांपुढे. घरी बायको म्हणायची, "जरा तात्यांसारखं चूक कबूल करायला शिका." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. न केलेल्या चुका कबूल करायला काय लागतं हो? केलेली करून दाखवा म्हणावं!

ती वेळ आली माझ्यावरच.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. पंधरा वर्षांच्या संदेशवर आंब्याच्या बागेतला पाण्याचा पंप चोरल्याचा आळ होता. पंप काही सापडला नाही. पुरावा म्हणजे एकच कागद, पोलिसांनी घेतलेला जबाब: "मी पंप चोरला." केस तात्यांची, पण ऐन सुनावणीच्या दिवशी ते तापाने फणफणले आणि बाल न्याय मंडळापुढे मला उभं केलं. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तो कागद दाखल होताना उठून "हरकत आहे" एवढंच म्हणायचं होतं. मी तेव्हा उलटतपासणीची टिपणं चाळत होतो, तात्यांपेक्षा भारी करून दाखवायची होती ना! कागदावर शिक्का बसला, आणि त्याच कागदाच्या जोरावर पोराला तीन वर्षं सुधारगृह.

तात्यांनी पोराला जामिनावर सोडवलं आणि सत्र न्यायालयात अपील केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाही मला रागच आला. सांगायला लाज वाटते, पण सुनावणीला मागच्या बाकावर बसून मी मनात म्हणत होतो, फेटाळलं जाऊ दे हे अपील. तात्या जिंकले म्हणजे माझा गाढवपणा गावभर. त्याच बाकावर पलीकडे संदेश बसला होता आणि त्याची आई, पदराचं टोक तोंडात धरून.

न्यायाधीशांनी नेमकं विचारलं, "खाली मंडळापुढे हरकत का घेतली नाही?"

मी मान खाली घातली.

"माझ्याकडून झालं, साहेब. लिहून घ्या," तात्या म्हणाले. "पण वकील चुकला म्हणून पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. चूक माझी आणि शिक्षा या पोराला?"

मंडळाच्या रोजनाम्यात त्या दिवशीचा वकील म्हणून माझं नाव होतं. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर अपील मंजूर झालं.

बाहेर व्हरांड्यात तात्यांनी संदेशला थांबवलं. "तेव्हा हो कशाला म्हणालास रे मेल्या?"

"सारखं सारखं विचारीत होते. मला घरी जायचं होतं."

"मग आता सांग खरं."

"मी नाय चोरला."

"मोठ्याने!"

पोर असं ओरडलं की पट्टेवाला धावत आला. तात्यांचा हात वर गेलेलाच होता. "माझ्याकडून झालं हो!"

मायलेकरं संगमेश्वरच्या एस्टीकडे गेली. तात्या पायरीवर बसले. मीही शेजारी टेकलो आणि कसंबसं म्हणालो, "तात्या, हरकत माझ्याकडून राहिली."

"ठाऊक आहे हो मला." मग फाटकाकडे बघत ते म्हणाले, "मी याच्याएवढा असताना शाळेत मास्तरांचं घड्याळ गेलं. मला संध्याकाळपर्यंत उभं करून ठेवलं. मलाही घरी जायचं होतं. म्हटलं, माझ्याकडून झालं. घरी गेलो, तर वडील माझ्याशी बोलायचेच बंद झाले. ते गेले तोवर. तेव्हापासून कुठे काही झालं की लोकांनी माझ्याकडे बघायच्या आत मीच हात वर करतो. बरं पडतं."

मी विचारलं, "पण घड्याळ तुम्ही घेतलं होतंत का?"

उसवलेल्या कोटाच्या बाहीने तात्यांनी डोळे पुसले.

"पन्नास वर्षांत हे कोणी विचारलं नाही हो," ते पुटपुटले. "नाही. मी नाही घेतलं."

"मोठ्याने सांगा, तात्या."

तात्यांनी तोंड उघडलं. पण आवाज काही फुटला नाही.