उजवीकडे वळायचा दिवस

सलूनवाला गाडीच्या परीक्षेत नापास झाला तेव्हा मास्तरांनी दोष त्याच्या डोक्याला दिला. शिंपी नापास झाला तेव्हा त्याच्या चष्म्याला दिला. पण त्यानंतर परीक्षक साहेबांनी मास्तरांना बाजूला बोलावून जे सांगितलं, ते ऐकून मास्तरांच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली.

"तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजवीकडे वळायला शिकवतात की नाही?"

"म्हणजे काय साहेब! असं कसं विचारता?"

"एकानं उजवा दिवा लावला आणि डावीकडे वळला. दुसऱ्याला म्हटलं उजवीकडे घ्या, तर तो सरळच निघाला. वस्ती संपली तरी थांबेना. विचारलं तर म्हणतो, 'साहेब, उजवीकडे आम्हाला अजून आलेलं नाही.' तुमचा आणखी एक विद्यार्थी असा निघाला, तर तुमचा परवाना रद्द करा असं मी स्वतः वर कळवीन."

घरी येताना मास्तर विचार करत होते. उजवं वळण आपल्या अभ्यासक्रमातून नेमकं केव्हा गळलं? आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ते धूरपट्टी लागू झाली त्याच दिवशी गळलं.

घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, त्यांच्या जोडीला नगरपालिकेनं ही तिसरी बहीण आणली होती. फार धूर सोडणारी जुनी गाडी शहराच्या मध्यभागात नेली की मालकानं पैसे भरायचे. मास्तरांच्या स्कूलसमोरून जाणारा रस्ता हीच त्या मध्यभागाची हद्द. रस्त्याच्या उजवीकडच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांब उभा राहिला आणि खांबावर कॅमेरा. रस्ता एकदिशा, डावीकडच्या गल्ल्याही एकदिशा. बाहेरचा मोठा रस्ता होता, पण तिथे शिकाऊ हाताला बंदी. त्यामुळे मास्तरांचे विद्यार्थी डावीकडे वळत, पुन्हा डावीकडे वळत आणि फिरून स्कूलच्या दारात येत. घाण्याचा बैलही त्यांच्यापेक्षा जास्त जग पाहत असेल.

मास्तरांची गाडी धूर सोडत नव्हती असं तिचा सख्खा मित्रही म्हणाला नसता. मास्तर येताहेत हे घरी आधी वासानं कळे, मग आवाजानं, आणि मास्तर दिसत ते सगळ्यात शेवटी. पण धूरपट्टीच्या विरोधात चौकात सभा झाली, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. "माझा प्राण गेला तरी बेहत्तर, पण ही गाडी त्या खांबाखालून जाणार नाही!" असं ते म्हणाले होते, आणि सलूनवाल्यानं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली होती.

"अहो, मग भरा की एकदा ती पट्टी," बायको म्हणाली. "चार वेळा वळवून आणा आणि मोकळे व्हा."

"चौकात शब्द दिलाय मी."

"चौकात तुम्ही वजन कमी करीन असाही शब्द दिला होतात. आलं का कुणी मोजायला?"

तेवढ्यात परीक्षेला बसणारा पुढचा विद्यार्थी कोण आहे ते मास्तरांना आठवलं. पुढच्या आठवड्यात बाईंची परीक्षा होती.

बाई म्हणजे मास्तरांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चौथ्या बाकावरच्या या मुलाला त्या विसरल्या नव्हत्या. तो उत्तरात दशांशचिन्ह द्यायला हमखास विसरे, म्हणून त्या त्याला तेव्हापासून 'दशांश' म्हणत आणि पन्नाशीतही तेच म्हणत. आयुष्यात एकदाही नापास न झालेल्या या बाई सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तस्संच करत. म्हणजे न शिकवलेलं उजवं वळण त्या अजिबात घेणार नाहीत, याची मास्तरांना खात्री होती.

"बाई, जरा एक राहिलंय शिकवायचं," मास्तर चाचरत म्हणाले.

"उजवीकडे वळणं ना? मला वाटलंच. मी म्हटलं, तू पुढच्या धड्यात घेशील." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्धा अभ्यासक्रम गाळलास की रे, दशांश."

शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर मास्तरांनी चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखला. मधली रेघ, चौक, थांबायची पट्टी, सगळं झकास. बाईंनी गाडी आणली, उजवा दिवा लावला आणि थांबल्या. थांबूनच राहिल्या.

"वळा ना बाई."

"समोरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं असं तूच म्हणालास."

"पण समोरून कोणी येतच नाहीये."

"मग मी शिकले काय? अवघड भाग तर तोच. रिकाम्या मैदानात काय, म्हैससुद्धा वळेल."

बाईंचं म्हणणं खोडणं शाळेत कधी जमलं नव्हतं, ते आता कुठून जमणार? मास्तर गल्लीत गेले आणि वाहतूक गोळा करून आले. सलूनवाला आला, शिंपी आला, दोन गिऱ्हाईकं आली, त्यातल्या एकाची अर्धीच दाढी झाली होती. मास्तरांची बायकोही भाजीची पिशवी घेऊन आली, तिला ट्रक करण्यात आलं. सगळ्यांनी ओळीनं समोरून चालत यायचं, चौक ओलांडायचा, वळसा घालून पुन्हा ओळीत लागायचं, असं ठरलं.

पहिला फेरा ठीक झाला. दुसऱ्या फेऱ्यात सलूनवाला चौकाच्या मध्यावर म्हणाला, "बघा, त्या मेल्या धूरपट्टीपायी आपल्यावर काय वेळ आली! गाड्या असून माणसं गाड्या झाली."

त्याच्या मागून येणारा शिंपी तिथेच थांबला. "पट्टीला नावं ठेवू नकोस. पट्टी आल्यापासून माझ्या दुकानातली पांढरी कापडं संध्याकाळपर्यंत पांढरी राहतात. आधी सदरा शिवून होईपर्यंत त्याचा रंग बदलायचा."

"तुझ्या सदऱ्यासाठी आम्ही पैसे भरायचे?"

"धूर सोडतो कोण? तू सोडायचा आणि मी धुवायचा?"

"तुम्ही दोघं पुढे सरका आधी!" मागून ट्रक ओरडला. "माझ्या हाताला रग लागली."

अर्ध्या दाढीवाल्या गिऱ्हाइकानं पट्टी श्रीमंतांवरच हवी असं मत दिलं. दुसऱ्यानं त्याला, श्रीमंतांच्या गाड्या नव्या असतात, त्या धूरच सोडत नाहीत, हे समजावून सांगितलं. तेव्हा अर्धी दाढी जास्तच भडकली. पाहता पाहता मैदानाच्या मधोमध पायी चालणाऱ्यांची अशी कोंडी झाली, की खऱ्या चौकातही झाली नसती. बाई उजवा दिवा लावून शांतपणे थांबल्या होत्या. इंजिन सुरू होतं. वारा वाहतुकीच्या दिशेनं होता.

आधी शिंपी खोकला, मग ट्रक खोकला. सलूनवाल्यानं बराच वेळ दम धरला, कारण पट्टीच्या विरोधकानं खोकणं बरं दिसत नाही. पण शेवटी त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मास्तर, इंजिन तरी बंद करा हो!" तो घुसमटत ओरडला.

"आता कसं?" शिंपी खोकत खोकत म्हणाला. एवढ्या त्रासातही त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

श्वास घ्यायला वाहतूक दोन्ही बाजूंना पांगली, मध्ये फट पडली, आणि बाईंनी त्या फटीतून गाडी अशी सुरेख वळवली की भांडण विसरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

परीक्षेच्या दिवशी ते बाईंना घेऊन बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं, शहराला लांबलचक वळसा घालून परीक्षेच्या कार्यालयात पोचले. साहेब पुढे बसले, मास्तर मागच्या सीटवर.

"नेहमीच्या रस्त्यावर खणलंय," साहेब म्हणाले. "आज दुसरीकडून जाऊ. चला."

बाई गिअर टाकत, आरसे बघत, पादचाऱ्यांना वाट देत अशा निघाल्या की साहेबांनी पेन बोटांत फिरवायला सुरुवात केली. मास्तर मनातल्या मनात पेढे वाटत होते. तेवढ्यात साहेब म्हणाले, "पुढच्या चौकात उजवीकडे घ्या."

मास्तरांनी पुढे पाहिलं. उजवीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी खांब होता, आणि खांबावर कॅमेरा.

बाईंनी वेग कमी केला. खांब त्यांनीही पाहिला. मास्तरांचा शब्दही त्यांना ठाऊक होता, चौकातल्या सभेत त्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. "साहेब, इथे आत गेलं तर..." त्या म्हणाल्या.

"परीक्षा चालू आहे. प्रश्न मी विचारायचे."

"बरं. मागच्या माणसाला एक विचारलं तर चालेल?"

"मागच्याशी बोलायचं नाही."

बाईंनी उजवा दिवा लावला आणि आरशात पाहिलं. आरशात मास्तर होते. त्यांच्या कानांत चौकातली ती शिट्टी घुमत होती आणि डोळ्यांपुढे स्कूलच्या दाराला लागलेलं कुलूप दिसत होतं. शिट्टीचं आणि कुलपाचं काही क्षण तुंबळ युद्ध झालं. समोरून गाड्या येत होत्या, बाई थांबल्या होत्या आणि आरशातून नजर हलवत नव्हत्या. शेवटी मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

साहेबांनी कागदावर लिहिलं, 'आरशाचा वापर उत्तम.'

फट पडली. बाई वळल्या. वरून दिवा लखकन चमकला, आणि मास्तरांना आपला अखेरचा फोटो निघाल्यासारखं वाटलं.

"पास," गाडीतून उतरताना साहेब म्हणाले. "असं उजवं वळण फार दिवसांनी बघितलं. तुमच्या स्कूलबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो." मास्तर हसले, पण ते हसू तेराव्याच्या जेवणातल्यासारखं होतं. साहेबांना राहवलं नाही. "आता काय झालं?"

"शब्द गेला साहेब. वर पट्टीही भरायची."

"मग भरा की. आणि भरल्यावर दिवसभर फिरा."

"दिवसभर?"

"पट्टी दिवसाची असते. एकदा पडली की त्या दिवशी कितीही वेळा आत-बाहेर करा. नियम वाचला नाहीत?"

मास्तर धूरपट्टीवर तासन् तास बोलले होते. वाचायला सवड झाली नव्हती.

"म्हणजे बघ," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजाला फळ्यासमोरची धार आली. "एकच वळण घेतलंस तर सगळी पट्टी त्या एका वळणाची. शंभर घेतलीस तर भागिले शंभर. दशांशचिन्ह सरकत जातं. कळतंय का?"

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते झटकन कळलं. त्यांनी बायकोला फोन लावला. "असतील नसतील तेवढे विद्यार्थी घेऊन परीक्षेच्या कार्यालयापाशी ये. आत्ता. हो, पट्टी पडली. नंतर बोल, आधी ये!"

त्या दुपारी हद्दीच्या आतल्या रस्त्यांनी जे पाहिलं, ते पट्टी लागू झाल्यापासून पाहिलं नव्हतं. मास्तरांची गाडी उजवीकडे वळली, पुन्हा उजवीकडे वळली, आणि वळतच राहिली. एक विद्यार्थी उतरे, दुसरा बसे. सलूनवाला दुकान बंद करून आला. "माझा विरोध कायम आहे," चाक हातात घेत तो म्हणाला, "पण भरलेले पैसे त्यांच्या घशात फुकट घालायचे नाहीत."

शिंपीही आला आणि जरा अवघडून उभा राहिला. "मी पट्टीच्या बाजूनं आहे, तत्त्व म्हणून. पण वाया काही घालवू नये हेही तत्त्वच आहे."

"बस, बस," मास्तर म्हणाले.

बायकोनं मागे बसून तीन-तीन बाजारांतली खरेदी उरकली. नवा परवाना हातात आलेल्या बाईंनी तर एकाच चौकात इतके फेरे मारले, की कोपऱ्यावरचा फळवाला त्यांना हात करायला लागला. गाडीमागे धुराचा निळसर पट्टा तरंगत होता. एकदा खिडकीतून मागे बघत शिंपी हळूच म्हणाला, "मास्तर, हे आपलं जरा उलटं चाललंय का हो?"

"पुढे बघ," मास्तर म्हणाले. "समोरून सायकल येतेय."

दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना उजवीकडे वळता येऊ लागलं. पुढच्या परीक्षेत सलूनवाला पास झाला, शिंपीही झाला, आणि मास्तरांच्या स्कूलचं नाव दूरवर पोचलं. गर्दी इतकी वाढली, की मास्तरांना दाराशी पाटी लावावी लागली: 'महिन्याच्या पहिल्या सोमवारी दिवसभर उजवीकडे. नाव आधी नोंदवावे.'

काही महिन्यांनी नगरपालिकेची एक मुलगी हातात टॅबलेट घेऊन दारोदार फिरत आली. धूरपट्टीबद्दल लोकांच्या तक्रारी फार आहेत, ती ठेवावी की काढावी, यावर जनमत घ्यायचं होतं.

"आपलं मत काका?"

मास्तर खुर्चीतून उठले, छाती पुढे काढली आणि चौकातल्या सभेसारखा आवाज लावला. "विरोध! कडाडून विरोध! अन्याय आहे हा गरीब माणसावर. लिहा, ठळक लिहा."

मुलीनं लिहून घेतलं आणि ती जायला वळली.

"अहो ताई," मास्तरांनी मागून हाक मारली. आवाज आता बराच खाली आला होता. "काढायचीच झाली तर जरा आधी सांगा बरं का. पुढचे तीन सोमवार फुल्ल आहेत. लोकांना गाडीत बसवून फुकटात उजवीकडे वळवलं, तर त्यांना वसूल झाल्यासारखं वाटणार नाही."